ट्रॅव्हल्सने जायचंय? रात्रीच्या खासगी बसबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं घर उदगीर तालुक्यात, पोट पुण्यात. गेली चौदा वर्षं महिन्या-दीड महिन्यातून एकदा रात्रीची ट्रॅव्हल्स ठरलेली. त्यामुळे गावाकडची, ऑफिसातली, सोसायटीतली माणसं तिकीट काढायच्या आधी फोन करतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. शेवटी एकदाचं लिहून काढलं. उत्तरं माझ्या अनुभवातली आणि शेजारच्या बर्थवरून ऐकलेली. उदाहरणं जास्त करून पुणे–लातूर रस्त्यावरची आहेत, पण नागपूरला जा नाहीतर सावंतवाडीला, फार फरक नाही. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकलेली नाहीत. का, ते पहिल्या तीन प्रश्नांतच कळेल.

१. आढेवेढे नकोत. कुठली ट्रॅव्हल्स चांगली, एवढंच सांगा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर माझ्याकडे नाही. एकाच कंपनीची रात्री नऊची गाडी कोरी करकरीत असते आणि साडेदहाची अशी, की खड्ड्यात गेली की वरच्या बर्थचा पत्रा बोलायला लागतो. म्हणून कंपनी विचारू नका. मार्ग कुठला, किती वाजताची, कुठल्या नंबरची गाडी, ते विचारा. आमच्या भागातले जुने प्रवासी कंपनीचं नाव घेतच नाहीत. "ती पावणेदहाची, मामा चालवतो ती," असं सांगतात. मामाचं नाव कोणालाच माहीत नाही, पण टेंभुर्णीला हायवे सोडल्यावर मामा गाडी कशी काढतो ते सगळ्यांना माहीत आहे.

२. अ‍ॅपवर साडेचार स्टार दिसतायत. मग बिनधास्त काढू?

आधी हे स्टार कधी दिले जातात ते बघा. सकाळी सहाला तुम्ही उतरता, रिक्षावाल्याशी भाव करता, आणि फोनवर मेसेज येतो: प्रवास कसा झाला? डोळ्यांवर झोप असते. एसी चालला, चादर स्वच्छ होती, गाडी वेळेत आली, दाबा पाच. चार्जिंगचा पॉइंट बंद होता, दाबा एक. अधलंमधलं फारसं कोणी देत नाही. म्हणजे आपण मार्क देतो ते हाताला लागणाऱ्या गोष्टींना. टायर कसे होते, मागचं दार उघडत होतं का, ड्रायव्हर आदल्या रात्री झोपला होता का, याला कोणी मार्क देत नाही, कारण त्या वेळी आपण स्वतः झोपलेलो असतो. झोप चांगली लागली की गाडी चांगली, असा सरळ हिशेब.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे "अर्धा तास आधी पोचवलं, ड्रायव्हर एक नंबर!" हा रिव्ह्यू. असे शेकड्याने सापडतील. बसला ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर असायला हवा. शहरातून निघताना पाऊण तास उशीर झालेली गाडी गावाला अर्धा तास आधी कशी पोचली, हा प्रश्न पाच स्टार देणाऱ्याला पडत नाही. मालकाला मात्र निरोप बरोबर पोचतो.

मी रिव्ह्यू कसे वाचतो ते सांगतो. पाचवाले सोडतो, एकवालेही सोडतो, दोन आणि तीनवाले वाचतो. कारण असा माणूस जरा विचार करून लिहितो. मग तारखा बघतो, मागच्या दोन महिन्यांतलेच धरतो. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या माणसांनी केली असेल तर ती खरी. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर जून-जुलैचे जुने रिव्ह्यू शोधून काढा. छताच्या खिडकीतून नाहीतर एसीच्या जाळीतून पाणी टपकतं की नाही, हे उन्हाळ्यातल्या रिव्ह्यूत कधीच सापडत नाही.

३. फोटोत वेगळी गाडी होती, आली भलतीच. ही फसवणूकच ना?

कधी फसवणूक, कधी नुसता धंदा. आतली गोष्ट अशी, की गाडीवर रंगवलेलं नाव ज्याचं, गाडी त्याचीच असते असं नाही. एखाद्याच्या मालकीच्या दोन-तीन गाड्या असतात, तो त्या मोठ्या नावाला अटॅच करतो. बुकिंग त्यांचं, गाडी, ड्रायव्हर आणि डिझेल याचं. म्हणून तर एकाच नावाखाली स्वर्ग आणि नरक दोन्ही चालतात. दुसरा प्रकार म्हणजे बुकिंग कमी झालं की दोन गाड्यांचे प्रवासी एकीत भरतात, आणि मग तुमचा खालचा सिंगल बर्थ अचानक वरचा डबल होतो. त्यात "व्हॉल्वो" हा शब्द तर आपल्याकडे आता कुठल्याही चकचकीत एसी बसला लावतात, टूथपेस्टला सगळेच कोलगेट म्हणतात तसं. तिकिटावर गाडीचा नेमका प्रकार काय लिहिलाय ते वाचा. "व्हॉल्वो टाइप" असं असेल तर त्या "टाइप"मध्ये सगळं आलं.

करायचं काय, तर निघायच्या दोन-तीन तास आधी गाडीच्या नंबरचा मेसेज येतो. तो नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. फिटनेस कधीपर्यंत आहे, विमा आहे का, गाडी किती साली नोंदली, सगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. फिटनेस संपलेला दिसला तर मी जात नाही, तिकिटाचे पैसे बुडाले तरी. एकदा असे बुडवले आहेत, आणि बायकोचं बोलणंही खाल्लं आहे.

४. सीट कुठली घ्यावी?

खालचा, सिंगल, मधला. चाकावरचा नको, त्याला प्रत्येक स्पीडब्रेकर मोजावा लागतो. शेवटची रांग फुकट दिली तरी नको, कारण मागचं टोक उडतं आणि काही गाड्यांत इंजिनाची धगही लागते. सगळ्यात पुढचा बर्थ घ्याल तर केबिनमधली गाणी, फोन आणि क्लीनरच्या गप्पा पहाटेपर्यंत सोबतीला. वरच्या बर्थवर हवा बरी खेळते, पण घाटाच्या रस्त्याला तो पाळण्यासारखा झुलतो. कोल्हापूरहून कोकणात उतरणार असाल आणि गाडी लागत असेल तर वरचा अजिबात घेऊ नका. उंच माणसांनी एक लक्षात ठेवावं: स्लीपर म्हणजे पाय पसरता येतील असं नाही. पावणेसहा फुटांच्या माझ्या मेहुण्याला आजवर एकाच गाडीत सरळ झोपता आलंय, आणि त्या गाडीचा नंबर त्याने वहीत लिहून ठेवलाय.

५. दिवाळीत तिकीट दुप्पट-तिप्पट होतं. याला काही नियम आहे की नाही?

आहे. लोकांना माहीत नाही एवढंच. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २७ एप्रिल २०१८ ला राज्य सरकारने शासन निर्णय काढला. त्याच प्रकारच्या एसटी बसचं प्रति किलोमीटर जे भाडं असेल, त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं खासगी कंत्राटी बसला घेता येत नाही, गर्दीच्या हंगामातसुद्धा. समजा तशाच एसटीचं भाडं ८०० रुपये असेल, तर ट्रॅव्हल्सची कमाल मर्यादा १२००. एसटीने जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ केली, तेव्हा ही मर्यादाही तेवढीच वर सरकली, हे ओघाने आलंच.

प्रत्यक्षात काय होतं? "आमची गाडी एसटीच्या कुठल्याच प्रकारात बसत नाही हो" असं ऐकवलं जातं. किंवा अ‍ॅपवर मर्यादेतला दर आणि पिकअपला उभ्या एजंटकडे रोखीत वेगळा. गणपतीत सायन-चेंबूरला उभ्या असलेल्या चाकरमान्याला हा शासन निर्णय वाचून दाखवलात तर तो हसेल, आणि त्याचं चुकत नाही. घरी गौरी-गणपती वाट बघत असताना भांडायला कोण थांबतो! तरी तक्रार करता येते. तिकिटाचा स्क्रीनशॉट, त्याच दिवशीच्या त्याच मार्गावरच्या एसटीच्या भाड्याचा स्क्रीनशॉट, दोन्ही जोडून आरटीओकडे किंवा परिवहन विभागाकडे पाठवा. दिवाळीच्या आधी आरटीओ तपासणी मोहिमा काढतं, तेव्हा अशा कागदांना जरा किंमत येते. नुसतं "लूट चाललीय" असं फेसबुकवर लिहून काही होत नाही.

६. साडेआठला बोलावतात, गाडी पुण्यातून बाहेर पडायलाच अकरा वाजतात. असं का?

कारण तुम्ही चुकीच्या ठिकाणी चढता. लातूरकडची गाडी निगडीहून निघते, चिंचवड, वाकड असं उचलत उचलत संगमवाडी, तिथून स्वारगेट, मग हडपसर. निगडीला चढलेला माणूस शहरातच दोन-अडीच तास काढतो, वर त्याला वाटतं गाडी लेट आहे. गाडी लेट नसते, ती प्रवासी गोळा करत असते. शक्य असेल तर शेवटच्या पिकअपला चढा. मी हडपसरला चढतो आणि दोन तास घरी जेवून-झोपून काढतो.

पिकअप पॉइंट म्हणजे बसस्टँड नव्हे, हे नवख्या माणसाला सांगावं लागतं. तो एक पेट्रोल पंप असतो, नाहीतर बंद दुकानाचं शटर, नाहीतर पुलाखालचा खांब. पावसात उभं राहायला आडोसा नाही, बसायला कट्टा नाही, आणि एका मागोमाग आठ गाड्या येतात त्यांतली आपली कुठली ते पळत जाऊन बघायचं. "गाडी पुलावर आहे, पाचच मिनिटं" हे वाक्य क्लीनर नऊ वाजताही म्हणतो आणि पावणेदहालाही. लाइव्ह लोकेशनची लिंक आली असेल तर तीच बघा, त्याला फोन करून उपयोग नाही. त्याला त्या वेळी चाळीस जणांचे फोन येत असतात.

७. मुलगी एकटी येणार आहे. सुरक्षित आहे का?

माझी पुतणी तीन वर्षं अशी येते-जाते, तिच्याकडून शिकलेलं सांगतो. सिंगल बर्थच घ्यायचा. तो नसेल तर डबलमधला शेजारचा बर्थ महिलेचा आहे याची अ‍ॅपवर खात्री करून घ्यायची. एजंटकडून तोंडी बुकिंग नाही, कारण ऐनवेळी सीट बदलली तर दाखवायला काही राहत नाही. गाडीचा नंबर आणि लाइव्ह लोकेशन घरच्या ग्रुपवर टाकायचं. आणि गाडी पोचते कधी, हे निघते कधी याच्याइतकंच महत्त्वाचं. पहाटे साडेतीनला बायपासच्या चौकात उतरवणाऱ्या गाडीपेक्षा सहाला स्टँडसमोर उतरवणारी गाडी शंभर रुपये जास्त देऊन घ्यावी. "बायपासला उतरा, आत जात नाही" हे बुकिंग करताना कोणी सांगत नाही. उतरण्याच्या ठिकाणांच्या यादीत शहराचं नाव आहे की नुसतं चौकाचं, तेवढं बारकाईने वाचा.

पण बायकांची खरी तक्रार वेगळीच असते आणि ती रिव्ह्यूत क्वचित येते. बाथरूम. वहिनी रात्रीच्या गाडीने यायचं असलं की दुपारी चारनंतर पाणी पीत नाही. साठीची बाई, बीपीच्या गोळ्या चालू, आणि पाणी नाही. कारण थांबा एकच, तोही साडेअकरा-बाराला. त्यानंतर थेट लातूर. मध्ये थांबवा म्हटलं तर क्लीनर रस्त्याच्या कडेला अंधारात गाडी उभी करतो आणि म्हणतो, "जावा पटकन." पुरुष उतरतात. ज्यांना गरज असते त्या बसून राहतात. एकदा मी केबिनमध्ये जाऊन पेट्रोल पंपावर थांबवायला लावली, तेव्हा माझ्यामागून सात बायका उतरल्या. सातपैकी एकीनेही आधी तोंड उघडलं नव्हतं. तर निघतानाच, गाडी सुटायच्या आधी, ड्रायव्हरला सांगून ठेवा: दोन-अडीचला पंपावर थांबवा. सुरुवातीला सांगितलं तर तो ऐकतो. मध्यरात्री सांगितलं तर त्याला वेळ गाठायची असते.

८. जेवायला त्या ठरावीक हॉटेलवरच का थांबतात?

कारण ड्रायव्हर-क्लीनरचं ताट तिथे फुकट असतं. तुमच्या ताटात ते पैसे लागलेले असतात. घरून डबा न्या, हॉटेलात फक्त चहा घ्या. भिगवणच्या पुढे एका ठिकाणी मी शेवभाजी खाल्ली होती, ती अजून आठवते. चांगल्या अर्थाने नव्हे.

९. चादरी धुतात का? ढेकूण असतात का?

चादरी धुतात, पण रोज नाही. घरची पातळ चादर न्यावी. ढेकूण सगळ्या गाड्यांत नसतात, पण ज्या गाडीत असतात तिथे गादीच्या शिवणीत लपतात. चढल्या चढल्या मोबाइलच्या टॉर्चने शिवणीवर बघा, काळे ठिपके दिसले तर लगेच फोटो काढून सीट बदलून मागा. एसी थंडीत जोरात आणि मे महिन्यात हळू, हा नियम कोणी केला ते शोधतो आहे.

१०. आग लागण्याच्या बातम्या वाचून भीती वाटते. चढल्यावर काय बघावं?

भीती वाटायलाच हवी. ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईकडे निघालेली बस पहाटे अपघातानंतर पेटली, १२ जण गेले. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली, २५ जण गेले. २०२५ च्या ऑक्टोबरात दहा दिवसांच्या अंतराने आधी जैसलमेरजवळ, मग कर्नूलजवळ तेच. सिंदखेडराजाची गाडी दाराच्या बाजूवर पडली होती. म्हणजे रोज चढायचं-उतरायचं दारच खाली दबलं. जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर आले. ही एक गोष्ट वाचल्यापासून मी गाडीत शिरल्यावर दाराकडे बघत नाही, काचेकडे बघतो.

स्लीपर गाडीची अडचण तिच्या रचनेतच आहे. माणसं दोन मजल्यांवर आडवी, पडदे लावलेले, मधली वाट एका माणसापुरती, आणि रात्रीची वेळ. फोम, रेक्झिन, पडदे, सगळं पेट घेणारं. स्लीपर बसच्या बांधणीसाठी एआयएस-११९ हे मानक आहे, त्यात आपत्कालीन मार्ग कुठे आणि किती हवेत ते ठरवून दिलेलं आहे. पण गाडी पास झाल्यावर आपत्कालीन दारासमोर आणखी एक बर्थ ठोकला, मागच्या काचेपुढे सामान रचलं, तर मानक कागदावर राहतं.

चढल्यावर मी हे बघतो, आणि लाज न बाळगता बघतो. आपत्कालीन दार कुठे आहे आणि त्याच्यापुढे काय ठेवलंय. काच फोडायचा हातोडा जागेवर आहे की नुसता हूक आहे. नुसता हूक मी खूप पाहिलेत, क्लीनर म्हणतो "लोक घेऊन जातात साहेब", आणि त्याचं खोटं नसावं. छताची खिडकी उघडते का, की बोल्ट मारून बंद केलीय. अग्निशामक नळकांडं कुठे आहे आणि त्यावरची तारीख. मग माझ्या बर्थपासून जवळच्या आपत्कालीन दारापर्यंत हाताने बर्थ मोजतो, दिवे गेले तर मोजणी कामी येते. सुरुवातीला शेजारचे हसायचे. सिंदखेडराजानंतर नाही हसत.

आणि डिकी. ट्रॅव्हल्सच्या डिकीत तुमच्या बॅगांपेक्षा पार्सल जास्त असतं, त्या पैशावरच कित्येक फेऱ्या परवडतात. खोक्यांत काय आहे ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. निघताना खाली उभं राहून काय भरतायत ते बघा. रंगाचे डबे, गॅसची टाकी, तेलाचे कॅन दिसले तर बोला. एकटा बोललात तर "तुम्हाला काय करायचंय" म्हणतील, चौघं बोलले तर उतरवतात. पाहिलंय मी.

११. दोन ड्रायव्हर असतात का?

लांबच्या गाडीवर असायला हवेत. कामगार कायदा दिवसाला आठ तासांचं काम सांगतो. लातूर-पुणे एका दमात होतं म्हणून एकटाच असतो, पण तोच सकाळी पोचून संध्याकाळी परत निघतो, आणि मधल्या वेळात गाडी धुणं, पार्सल उतरवणं, पंक्चर काढणं त्याच्याकडेच. नागपूरच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर असतो, त्याची झोपायची जागा कित्येकदा खाली डिकीशेजारच्या कप्प्यात असते. तिथे कशी झोप लागत असेल, ते थांब्यावर त्याचे डोळे बघितले की कळतं.

चहाच्या थांब्यावर ड्रायव्हरशी दोन शब्द बोला. "काल कुठे होता मामा?" एवढं विचारलं तरी पुरतं. "कालपण याच गाडीवर, परवापण" असं उत्तर आलं तर पुढची रात्र मी जागा राहतो, पुढे जाऊन बसतो, त्याच्याशी बोलत राहतो. हा उपाय नव्हे हे मलाही कळतं.

१२. वाटेत हात दाखवून चढलं तर चालतं का?

चालत नाही, पण चढवतात. एसटीकडे टप्प्या-टप्प्याने प्रवासी चढवण्या-उतरवण्याचं परमिट असतं. ट्रॅव्हल्सचं परमिट कंत्राटी, ठरलेल्या प्रवाशांना इथून तिथे न्यायचं. वाटेत चढलेल्याचं नाव यादीत नसतं. अपघात झाला तर तुम्ही गाडीत होता हे घरच्यांना सिद्ध करावं लागतं. मधल्या वाटेत स्टुलावर किंवा केबिनमध्ये बसवतात, आणि मगाशी सांगितलेली एका माणसापुरती वाट तुम्हीच अडवून बसता.

१३. गाडी मध्येच बंद पडली. पैसे परत मिळतात का?

मागितले तर, आणि मागत राहिलात तर. माझीच गोष्ट सांगतो. मे महिना, कुर्डूवाडी सोडून थोडं पुढे, रात्री अडीच वाजता इंजिनाचा बेल्ट तुटला. एसी बंद. काचा उघडत नाहीत. छत्तीस माणसं रस्त्यावर. क्लीनर म्हणाला अर्ध्या तासात दुसरी गाडी येते. एक आजोबा टॉवेल अंथरून डांबरावरच आडवे झाले, "उठवा गाडी आली की" म्हणाले. गाडी आली सव्वासहाला, तीसुद्धा आधीच भरलेली. आम्ही निम्मे जण बार्शीपर्यंत उभे, तिथून एसटीने पुढे. एसटीच्या तिकिटाचे पैसे खिशातले.

त्या दिवशी मी एकच शहाणपण केलं होतं: दर अर्ध्या तासाने फोटो काढत होतो, वेळ दिसेल असे. घरी जाऊन कंपनीला मेल, उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तीन महिन्यांनी निम्मे पैसे खात्यात आले, सोबत एक शब्दाचंही पत्र नाही. तेवढ्यावर समाधान नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, वकील लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दोन वर्षांच्या आत करायचं. तिकिटाचा मेसेज पुसू नका. एजंटने वहीच्या कागदावर नाव आणि सीट नंबर खरडून दिलेलं असेल तर त्याचाही फोटो काढून ठेवा, नसल्यापेक्षा बरं.

१४. सामानाची जबाबदारी कोणाची?

तिकिटाच्या मागे "प्रवाशाची" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. दागिने, लॅपटॉप, कागदपत्रं डिकीत टाकू नका. डिकीत टाकलेल्या बॅगेचं टोकन मागून घ्या.

१५. मग एसटीनेच का जात नाही?

जातो की. दिवसा जायचं असेल तर एसटीच. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. आई, बायको आणि दोघं पोरं घेऊन निघालं की हिशेबात ट्रॅव्हल्स कुठेच बसत नाही. शिवाय एसटी गावात जाते, स्टँडवर उतरवते, तिथे संडास असतो (कसा असतो ते विचारू नका). बंद पडली तर मागून येणारी दुसरी एसटी त्याच तिकिटावर घेते.

पण शुक्रवारी साडेसातला ऑफिस सुटलेल्या आणि शनिवारी सकाळी गावात तेराव्याला पोचायचं असलेल्या माणसाला रात्री आडवं व्हायला जागा हवी असते. ती ट्रॅव्हल्सने दिली. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप कित्येक महिने चालला, तेव्हा तर कित्येक गावांना ट्रॅव्हल्सशिवाय दुसरं काही नव्हतं. तेव्हा लागलेली सवय काहींची सुटलेलीच नाही.

१६. मी रिव्ह्यू लिहिला तर काही फरक पडतो का? काय लिहू?

कंपनीला पडेल न पडेल, पुढच्या प्रवाशाला नक्की पडतो. "मस्त" आणि "बकवास" सोडून काहीही लिहा. गाडीचा नंबर, तारीख, सांगितलेली आणि खरी वेळ, उतरवलं कुठे, थांबे किती, बाथरूम होतं का, हातोडा होता का. मी मागच्या महिन्यात टाकलेला जसाच्या तसा देतो:

"पावणेदहाची गाडी हडपसरला १०.२० ला आली. खालचा सिंगल, चादर धुतलेली, चार्जिंग बंद. आपत्कालीन दार मोकळं, हातोडे चारपैकी एक. छताची खिडकी उघडते, क्लीनरने उघडून दाखवली. थांबा ११.५० ला, बाथरूम चालू पण कडी नाही. सांगितल्यावर अडीचला पंपावर दहा मिनिटं थांबवली. डिकीत खोकी बरीच, काय ते कळलं नाही. लातूरला शिवाजी चौकात ५.५० ला, म्हणजे वीस मिनिटं उशिरा. ड्रायव्हरने गाडी कुठेही पळवली नाही. तीन स्टार, त्यातले दोन ड्रायव्हरचे."